सतरा नोव्हेंबरची ग्रामसभा

पक्षाचे निरीक्षक चार वाजता येणार होते. त्याआधी घरातल्या घरात एक नाव ठरवायचं होतं, म्हणून खासदार गोटीराम भोये यांनी रविवारी मुलांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. दोनदा लोकसभेवर निवडून आल्यावर त्यांना आता उभं राहायचं नव्हतं. छातीत दोन स्टेंट बसले होते आणि दिल्लीचा हिवाळा सोसवत नव्हता. पक्षाला नवा चेहरा हवा होता, आडनाव मात्र तेच.

मुलगा ज्ञानेश नाशिकच्या पेठ रोडवरच, त्यांच्या घरापासून दोन इमारती पलीकडे राहत होता. नऊ वर्षं त्याने वडिलांचं जनसंपर्क कार्यालय सांभाळलं होतं. मतदारसंघातला कुठला सरपंच कुणाचा साडू आहे, हे त्याला तोंडपाठ होतं. मुलगी मोहिनी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. वडिलांची जिल्हा न्यायालयातली वकिली ती चालवत होती. गोटीरामांचं मन ज्ञानेशकडे होतं आणि त्यांची बायको आशा हिला मोहिनी उभी राहावी असं वाटत होतं. तिने तसं बोलूनही दाखवलं होतं. गोटीराम म्हणाले होते, "ती उभी राहिली तर कोर्टात कोण उभं राहील?"

अकराच्या सुमारास फाटक वाजलं. आशाने खिडकीतून पाहिलं तर मोठे दीर. डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी, पायांत टायरच्या चपला.

ती लगबगीने बाहेर गेली. "दादा, कळवलं असतं तर गाडी पाठवली असती."

"गाडी कशाला? यष्टी हाय ना," मंगळू म्हणाला. त्याने पिशवीतून नागलीचं पीठ काढून तिच्या हातात दिलं. "गोटी घरात हाय का दिल्लीला?"

"आहेत. आज सगळेच आहेत."

"मोहिनीनं सांगितलं मला. म्हून तर आलो."

आशाला ते खटकलं. मोहिनीने काकांना बोलावलं आणि आईला सांगितलं नाही? तसं मंगळूचं नाशिकला येणं विरळाच. गोटीरामांना वकिलीची सनद मिळाली तेव्हा तो आला होता, पहिल्यांदा ते निवडून आले तेव्हा आला होता, आणि छातीचं दुखणं झालं तेव्हा आठ दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला होता. त्याने स्वतः कधी काही मागितलं नव्हतं. लहानपणी दोघा भावांपैकी एकालाच आश्रमशाळेत पाठवता येणार होतं, कारण गुरं राखायला एक जण लागायचा. मंगळूनेच, "गोटी जाऊ दे, त्याला आकडे येतात," असं बापाला सांगितलं होतं. या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती की आता ती कुणी सांगत नसे.

*

जेवताना ज्ञानेश सावध होता. आज आपलं नाव निघणार हे त्याला ठाऊक होतं आणि ताईचा भरवसा नव्हता. मोठे बाबा अचानक आले, तेही त्याला बरं वाटलं नव्हतं. त्याने त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला आणि पाया पडायचं राहून गेलं होतं म्हणून तिथंच वाकला.

हात धुऊन झाल्यावर गोटीराम आरामखुर्चीत बसले. "दादा आलाय ते चांगलंच झालं," ते म्हणाले. "घरातला मोठा माणूस समोर असावा. माझं मत ज्ञानेशला आहे. मोहिनी, तुझं काय म्हणणं असेल ते आत्ताच सांग. नंतर नको."

"माझं नाव घेऊच नका, अप्पा," मोहिनी म्हणाली. "मला उभं राहायचं नाही."

ज्ञानेशने मान वर केली. इतक्या सहज?

आशा म्हणाली, "का गं? तुला तर लोक—"

"आई, नको. मी दुसरं काम घेतलंय." मोहिनीने पिशवीतून एक फाइल काढली. "उद्या-परवा बोलणारच होते. पण नाव आज कळवायचंय, म्हणून आज बोलते. उंबरमाळच्या लोकांनी धरणाविरुद्ध हायकोर्टात केलेली याचिका आहे ना, त्यात आता गावाची वकील मी आहे. चार दिवसांपूर्वी वकीलपत्र दाखल केलं."

उंबरमाळ म्हणजे त्यांचंच गाव. पेठच्या पलीकडे, घाटाखाली. धरण झालं तर गावची भाताची खाचरं, शाळा आणि एकशे सत्तावन्न घरं पाण्याखाली जाणार होती.

ज्ञानेशला आधी तिचं म्हणणं नीट कळलंच नाही. मग कळलं. "ताई, धरण आपल्या सरकारचं आहे. तू त्याच्याविरुद्ध उभी राहणार आणि मी त्याच पक्षाकडून तिकीट मागणार? निरीक्षक हसतील मला."

"हसणार नाहीत. तिकीट देणार नाहीत."

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"माहीत होतं."

"पंधरा दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"बुधवारी सुनावणी आहे, ज्ञानू."

गोटीरामांनी हात वर केला. संसदेच्या समितीत दोन सदस्य भांडायला लागले की ते असाच हात करायचे. "केस कुठपर्यंत आलीये?" त्यांनी विचारलं. आवाज वकिलाचा होता.

"सरकारचं उत्तर आलंय," मोहिनी म्हणाली. "परिच्छेद चौदा वाचू?"

"वाच."

"'सदर गावचे मूळ रहिवासी व स्थानिक लोकसभा सदस्य यांनी स्वतः सभागृहात निवेदन केले आहे की, दिनांक १७ नोव्हेंबर रोजी झालेल्या ग्रामसभेने प्रकल्पास एकमताने संमती दिली. सबब याचिकाकर्त्यांचे म्हणणे खोटे आहे.'"

मंगळू भिंतीला टेकून खाली बसला होता. खुर्ची दिली तरी तो घेत नसे.

"गोटी," तो म्हणाला, "सतरा नोव्हेंबरला काय व्हतं, तुला ठावं हाय."

ठाऊक सगळ्यांनाच होतं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी दोघा भावांच्या आईचं, कुसाबाईचं, उत्तरकार्य होतं. सकाळपासून सगळं गाव नदीवर होतं. पिंडाला कावळा शिवायला दोन तास लागले होते. नंतर भोयांच्या अंगणात पंगती बसल्या त्या पार दिवस कलेपर्यंत. आशाने तीन बायकांना घेऊन भात रांधला होता. ग्रामसभा झालीच नव्हती. कागदावर मात्र एकशे त्रेचाळीस जणांच्या सह्या आणि अंगठे होते.

"माझापन अंगठा हाय त्यात," मंगळू म्हणाला. "मी तर सही करतो. तूच शिकवली."

*

मोहिनी वडिलांकडे बघत होती. तिला हवं होतं ते एवढंच, की त्यांनी पटकन रागवावं. रागावले असते तर त्यांना माहीत नव्हतं असं मानता आलं असतं.

गोटीराम रागावले नाहीत. "सरकारचा युक्तिवाद चांगला आहे," ते म्हणाले. "गावकरी पक्षकार आहेत. जमीन त्यांची जातेय, तेव्हा ते सभा झाली नाही असंच म्हणणार. त्यांच्या प्रतिज्ञापत्रांना वजन नाही. खासदाराच्या बोलण्याला आहे."

"हो. म्हणून खासदाराचंच प्रतिज्ञापत्र हवंय," मोहिनी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही सकाळी आठपासून गावात होतात आणि सभा झाली नाही, एवढंच."

"एवढंच!" ज्ञानेश उठून उभा राहिला. "लोकसभेत बोललेलं खोटं होतं, असं अप्पांनी लिहून द्यायचं? दहा वर्षांत दोनशेवर प्रश्न विचारले, वनहक्काचे दावे लढवून चार तालुक्यांत लोकांना सातबारे मिळवून दिले. ते सगळं राहील बाजूला. पेपरात एकच येईल. उद्या यांच्यावर खटला झाला तर?"

"होणार नाही. सभागृहात बोलल्याबद्दल कोर्टात खेचता येत नाही. अप्पांना माहीत आहे ते."

"सभागृहाची शिस्त आहे ना!"

"मुदत संपत आलीये," गोटीराम म्हणाले. "मला काही होणार नाही. जे होईल ते तुला होईल."

ज्ञानेश खाली बसला.

मंगळूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गोटी, एक इचारतो. तू दिल्लीत बोलला तवा तारीख बघितली व्हती का, नव्हती?"

आशाला वाटलं, नवरा आता पाणी मागेल. अडचणीचा प्रश्न आला की ते पाणी मागायचे. चाळीस वर्षांची सवय. पण त्यांनी मागितलं नाही.

"बघितली होती," ते म्हणाले. "मंत्र्यांच्या कार्यालयातून कागद आला. बाकावर बसल्यावर वाचला. तारीख पहिल्याच ओळीत होती. मला तीन मिनिटं मिळाली होती. ते वाक्य गाळावं असं मनात आलं. पण मग वाचलं."

"का?" मोहिनीने विचारलं.

"पेठच्या दवाखान्याची फाइल त्याच मंत्र्याकडे होती, पन्नास खाटांची. सात वर्षं फिरवत होते मला. धरण मी बोललो असतो तरी झालं असतं, नसतो बोललो तरी झालं असतं. दवाखाना मात्र झाला नसता. मी हिशेब केला."

"दवाखाना चांगला हाय," मंगळू म्हणाला. तो खरंच तसं म्हणत होता. आवाजात टोमणा नव्हता. "माझ्या संतोषच्या बायकोचं बाळंतपण तिथंच झालं. आडवं व्हतं पोर. आधीचे दिस असते तर दोघं गेली असती. मी नाय म्हनत का वाईट केलं. पन आम्हाला इचारलं असतं तर आम्ही काय म्हनलो असतो, ते तुला आता कधी कळनार नाय. तू इचारलंच नाय. आईच्या दिसाला सगळं गाव तुझ्या म्होरं बसलं व्हतं."

तेव्हा आशा बोलली. राजकारणाच्या बैठकीत ती सहसा बोलत नसे. चहा, फराळ आणि कुणाला पथ्य आहे याची आठवण एवढंच तिचं काम असायचं. "मोहिनी, माझं लिहून घे. मी होते त्या दिवशी. किती पंगती झाल्या, कोण कोण जेवलं, सगळं सांगते. मी काही खासदार नाही. माझी काय बदनामी व्हायची?"

"आई, म्हणजे तू ज्ञानूच्या बाजूची नाहीस?"

"मी कुणाच्या बाजूची नाही. सकाळपर्यंत तुझ्या बाजूची होते. आता सासूबाईंच्या बाजूची आहे, असं समज."

ज्ञानेशला हे सगळ्यांत जास्त लागलं. ताईचं ठीक होतं. तिच्याशी त्याचं पहिल्यापासून असंच होतं. पण आईने एकदाही त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. "आणि मी?" तो म्हणाला. "नऊ वर्षं अप्पांच्या नावाने आलेला प्रत्येक अर्ज मी वाचलाय. लोक मला भेटायला येतात, तुम्हाला नाही. त्या कागदावर मी काय लिहिलं होतं? त्याचा दंड मला का भरायला लावताय?"

तो म्हणत होता ते खरं होतं.

गोटीराम उठले. "मोहिनी, ऑफिसात ये," ते म्हणाले.

*

ऑफिस म्हणजे घराच्या पुढच्या बाजूची खोली. वकिलीची सुरुवात त्यांनी इथंच केली होती. त्याआधी सहा वर्षं ते कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसत, दिवसा दुसऱ्यांचे दावे टाइप करत आणि संध्याकाळी लॉ कॉलेजला जात. वनखात्याने पकडलेले लोक त्यांच्याकडे यायचे, कारण त्यांची भाषा कळणारा तिथे तेवढा एकच होता. पहिला खटला त्यांनी सनद मिळाल्यावर अकराव्या दिवशी जिंकला. जंगलातून मोहाची फुलं आणल्याबद्दल पकडलेल्या एका बाईचा. ती बाई नंतर प्रत्येक निवडणुकीत त्यांच्या सभेत पुढे बसायची.

त्यांनी मोहिनीला लिहायला सांगितलं नाही. स्वतः संगणकासमोर बसले आणि दहा बोटांनी टाइप करू लागले. वेग अजून टिकून होता. 'मी, गोटीराम नवसू भोये, वय ६६, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की'. पुढचं भराभर आलं. किती वाजता गावात पोहोचलो, कुठे होतो, कुणाकुणाला पाहिलं, किती वाजता निघालो. वाक्यं आखूड आणि पक्की होती. कशी असावीत ते त्यांनीच मोहिनीला शिकवलं होतं.

छापलेली दोन पानं त्यांनी तिला दिली. तिने उभ्याउभ्याच वाचली आणि दुसऱ्या पानावर थांबली.

"'सभागृहात निवेदन करतेवेळी सदर तारखेची विसंगती माझ्या लक्षात आली नव्हती, ती नंतर लक्षात आली.'" तिने वर पाहिलं. "हे?"

"त्याने केसला बाधा येत नाही. तुला हवं ते वर आहे. सभा झाली नाही, संपलं."

"आत्ता तुम्ही मोठ्या बाबांना काय सांगितलंत?"

"घरात सांगितलं. हे कोर्टात जाणार आहे."

मोहिनीला पुढे कधी तो क्षण आठवला की वाटायचं, आपण त्या वेळी फार विचार केला नव्हता. केला असता तर कदाचित ते वाक्य राहू दिलं असतं. ते बापाचं वाक्य होतं आणि गावाचं त्याने काही बिघडत नव्हतं. पण तिने टेबलावरचं पेन उचललं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"खोटं आहे हे माहीत असताना मी प्रतिज्ञापत्र दाखल करू शकत नाही, अप्पा. दुसरा वकील करू शकेल. त्याला माहीत नसेल."

"हे वाक्य काढलं तर माझं काय राहतं?"

"मला नाही माहीत."

गोटीराम स्क्रीनकडे वळले. बाहेर एक टेम्पो भाजी विकत गेला. लाउडस्पीकरवर टोमॅटो आणि मेथीची नावं चालली होती. त्यांना समोरच्याचं म्हणणं मोडून काढता येत होतं, अजूनही. विसंगती लक्षात येणं आणि न येणं यावर ते अर्धा तास बोलू शकले असते. त्यांना कळलं की समोर कुणी न्यायाधीश नाही आणि मुलीशी युक्तिवाद करून जिंकण्यात काही अर्थ नाही. त्यांनी ती ओळ पुसली आणि दुसरी टाइप केली. 'सदर तारीख मी निवेदनापूर्वी वाचली होती. त्या दिवशी ग्रामसभा झालेली नाही हे मला ठाऊक होते. तरीही मी निवेदन केले.' कारण लिहिलं नाही. दवाखान्याचं नावही घातलं नाही.

"नोटरीकडे उद्या सकाळी जाऊ," ते म्हणाले. "सही त्याच्यासमोरच करावी लागेल."

"हो."

"कारण लिहायला हवं होतं का?"

"विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर नको."

ते किंचित हसले. साक्षीदाराला ते स्वतः हेच सांगायचे.

बाहेर येऊन त्यांनी दोन्ही पानं मंगळूसमोर वाचून दाखवली. मराठी कागदी होती, म्हणून मध्ये थांबून आपल्या बोलीत सांगत गेले. मंगळूने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "बरं. माझी साडेतीनची यष्टी हाय."

"राहा ना आज, दादा," आशा म्हणाली.

"नाय. गाय व्यायला झालीय."

गोटीरामांनी ज्ञानेशकडे पाहिलं. "निरीक्षकांना या प्रतिज्ञापत्राचं मीच सांगतो. तू दादाला स्टॉपवर सोडून ये."

ज्ञानेशने किल्ली उचलली. कुणाकडे न बघता तो बाहेर पडला.

*

रविवार असून पेठ रोडवर गर्दी होती. मार्केट यार्डाकडे जाणारे ट्रक एका बाजूला उभे होते. ज्ञानेशने स्टॉपच्या थोडं अलीकडे गाडी थांबवली. यष्टी अजून आली नव्हती.

"मोठे बाबा, एक विचारू?"

"इचार."

"मी उभा राहिलो असतो तर तुम्ही मला मत दिलं असतं?"

"दिलं असतं की."

"गाव बुडत असताना?"

"दिलं असतं. साऱ्या गावानं दिलं असतं. घरातला पोरगा उभा राहिला तर दुसऱ्याला कोन देतं? उंबरमाळमधून एक मत बाहेर गेलं नसतं." मंगळूने टोपी नीट केली. "म्हून तर तू अर्ज भरायच्या आधी आलो. नंतर आमाला काय बोलता आलं नसतं."

गेले पंधरा दिवस ज्ञानेश मतांची गणितं मांडत होता. गावागावांची नावं त्याने वहीत लिहिली होती आणि उंबरमाळपुढे काहीच लिहिलं नव्हतं. तिथली मतं धरलेलीच होती.

यष्टी आली. मंगळू उतरला, खिडकीतून हात घालून त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि रस्ता ओलांडून गेला. यष्टीत बसायला जागा नव्हती. तो दांडीला धरून उभा राहिला. यष्टी वळणापलीकडे गेली.

फोन वाजला. आई होती.

"पाहुणे वेळेआधीच आलेत. तू येतोयस ना?"

"येतोय. अप्पांनी सांगितलं का त्यांना?"

"नाही अजून. इकडचं तिकडचं बोलतायत. तुझी वाट बघतायत, तुझ्यादेखत सांगायचंय त्यांना."

ज्ञानेशने गाडी सुरू केली. पुढे जागा मिळाल्यावर ती वळवली. आई अजून फोनवरच होती.

"माझ्यासाठी थांबू नका म्हणावं," तो अखेर म्हणाला. "सांगू दे त्यांना. आणि आई, पाहुण्यांना चहा दे. मी पोचतो दहा मिनिटांत."